घड्याळ नेमकं कधी सुरू होतं?

खुब्याचं हाड मोडलं की ऑपरेशन जितकं लवकर तितकं बरं, असं आपण ऐकत आलोय. 'हिप अटॅक' या चाचणीने हेच तपासलं. २०२० साली ती 'लॅन्सेट'मध्ये आली. भारतासह १७ देश, ६९ रुग्णालयं, २९७० रुग्ण. एका गटाचं ऑपरेशन निदानानंतर साधारण ६ तासांत, दुसऱ्याचं २४ तासांत. ९० दिवसांतले मृत्यू? ९ आणि १० टक्के. म्हणजे ठोस फरक नाही.

मग घाई कशाला, असं वाटेल. पण दोन गोष्टी बघा. एक, लवकर ऑपरेशन झालेल्यांत डिलिरियम, म्हणजे अचानक भ्रम होणं, कमी होतं आणि ते लवकर उभे राहिले. दोन, इथलं घड्याळ निदानापासून चालू होतं, पडल्यापासून नाही. आजी मोरीत घसरते, घरचे शेकतात, हाडवैद्याकडे नेतात, एक्स-रे चौथ्या दिवशी निघतो. त्या चार दिवसांची किंमत ही चाचणी मोजतच नाही.

'६ तास की २४ तास' याचं उत्तर तिच्याकडे आहे. 'उद्या बघू' म्हणायला तिचा आधार घेऊ नका.