पारलिंगी पात्र आणि मराठी क्रियापद

कथेत पारलिंगी पात्र आणू पाहणाऱ्या नवलेखकाची कसोटी कथानकापेक्षा क्रियापदात लागते. मराठीत 'मी आलो' की 'मी आले' हे ठरविल्यावाचून त्या पात्राला धड बोलताच येत नाही. नवलेखक संवादात त्याच्या तोंडी 'आले' घालतो आणि लगेच निवेदनात 'तो बसला' असे लिहितो; पात्राचे म्हणणे खोटे, असा निवाडाच जणू तो देतो. स्वतःचे लिंग स्वतः सांगण्याचा जो हक्क सर्वोच्च न्यायालयाने २०१४ साली मान्य केला, तो निवेदकाने नाकारावा, हे विपरीत होय. गावातील एखादे पात्र हेटाळणीने 'तो' म्हणेल, तर म्हणू द्यावे. निवेदकाने त्याची री ओढू नये.

मात्र क्रियापद प्रदेशही सांगते. कोल्हापूरकडे स्त्रियाही 'मी आलो' म्हणतात. तिकडचे पात्र रंगविताना छत्रपती संभाजीनगरच्या लेखकाने हे विसरू नये. शिवाय प्रत्येक साडी स्वेच्छेची नसते. राजन गवस व चारुता सागर यांच्या लेखनावर आधारलेल्या 'जोगवा' (२००९) या चित्रपटातील तायप्पावर ती देवीच्या नावाने लादली जाते. त्याचे दुःख उलट्या दिशेचे आहे : तो स्वतःला पुरुष समजतो आणि गाव त्याला तसे जगू देत नाही.