पुढला डॉक्टर कोण?

लोकांना नट आवडतो की पात्र आवडते, हा प्रश्न रंगभूमीइतकाच जुना आहे. त्याचे उत्तर सहसा कोणी देत नाही, कारण ते द्यावे लागत नाही. नट आणि पात्र एकमेकांत इतकी मुरलेली असतात की, दुधातली साखर वेगळी काढून दाखवा असे म्हणण्यासारखेच ते होईल. परंतु ज्या दिवशी नट भूमिका सोडून जातो आणि पात्र मात्र मागे उरते, त्या दिवशी हा प्रश्न दारात येऊन उभा राहतो. इंग्लंडात दूरचित्रवाणीवरील एका मालिकेच्या प्रेक्षकांना गेली साठ वर्षे या प्रश्नाला पुन्हा पुन्हा सामोरे जावे लागले आहे, आणि त्यांनी त्याचे जे काही केले ते मला विचार करण्याजोगे वाटते.

या मालिकेचे नाव 'डॉक्टर हू'. २३ नोव्हेंबर १९६३ रोजी, शनिवारी संध्याकाळी, बी. बी. सी.ने तिचा पहिला भाग दाखविला. आदल्याच दिवशी अमेरिकेचे अध्यक्ष केनेडी यांची हत्या झाली होती; त्या सुन्न वातावरणात या मालिकेचा जन्म झाला. तिच्या पहिल्या कथेचे दिग्दर्शक होते वारिस हुसेन, लखनौला जन्मलेले आणि तेव्हा अवघे चोवीस वर्षांचे. इंग्रजीत कथा-कादंबऱ्या लिहिणाऱ्या अतिया हुसेन यांचे हे चिरंजीव. तेव्हा या विलायती पाळण्याची पहिली दोरी ओढणाऱ्यांत आपल्याकडचाही एक हात होता, असे म्हणायला हरकत नाही.

कथेतला डॉक्टर हा दुसऱ्या कुठल्याशा ग्रहावरचा प्रवासी. पोलिसांना टेलिफोन करता यावा म्हणून पूर्वी लंडनच्या रस्त्यांवर निळ्या पेट्या असत, तशा एका पेटीत बसून तो भूतकाळात आणि भविष्यकाळात हिंडतो. पेटी बाहेरून कपाटाएवढी, आतून वाड्याहून मोठी. त्याचे खरे नाव कोणाला ठाऊक नाही. संकटात सापडलेल्यांना तो सोडवतो आणि आभार मानायला कोणी पुढे येण्याआधी निघून जातो. आजी, आई आणि नातवंडे यांनी एकत्र बसून पाहावी अशी ही करमणूक. दिवाळीच्या दिवसांत फराळाची ताटे मध्ये ठेवून घरातल्या मंडळींनी गोष्टी ऐकाव्यात, तशीच.

विल्यम हार्टनेल हे पहिले डॉक्टर. तीन वर्षांत त्यांची प्रकृती ढासळली. रक्तवाहिन्यांच्या विकाराने स्मरण दगा देऊ लागले, संवाद विसरू लागले. मालिका तर भरात होती. अशा वेळी निर्मात्यांपुढे दोनच वाटा दिसत होत्या. एक, खेळ मोडायचा. किंवा दोन, नवा नट आणून, जणू काही झालेच नाही, असे दाखवायचे. त्यांनी तिसरी वाट काढली. डॉक्टर मनुष्य नव्हेच, तेव्हा शरीर जीर्ण झाले की ते नवे करून घेण्याची शक्ती त्याच्यात असायला काय हरकत आहे? २९ ऑक्टोबर १९६६ च्या भागात वृद्ध डॉक्टर जमिनीवर कोसळला, त्याचा चेहरा प्रकाशात विरघळला, आणि त्या जागी पॅट्रिक ट्रॉटन यांचा चेहरा उमटला. एका नटाचे आजारपण हे अशा रीतीने त्या पात्राचे अमरत्व झाले.

पुढच्या शनिवारी सुरू झालेली कथा या दृष्टीने मला फार महत्त्वाची वाटते. तिच्या चित्रफिती बी. बी. सी.ने पुढे नष्ट केल्या. ध्वनिमुद्रण तेवढे राहिले, आणि २०१६ साली त्यावरून रेखाचित्रांचा चलत्‌पट करण्यात आला. या कथेत नवा डॉक्टर जुनी अंगठी बोटात घालतो, तर ती सैल होऊन निसटते. बरोबरची मुलगी पॉली त्याच्यावर विश्वास ठेवते. बेन मात्र हा तोतया आहे असेच धरून चालतो. मग निर्णय कोण देते? डॉक्टरचे हाडवैरी जे डॅलेक, त्यांतला एक त्याला पाहताक्षणी ओळखतो! मित्र ज्याला नाकारतो, त्याला शत्रू ओळख देतो. कादंबऱ्या लिहिणाऱ्या माझ्यासारखीला या युक्तीचा हेवा वाटतो. प्रेक्षकांच्या मनातली शंका लेखकाने दडवली नाही. ती त्याने बेनच्या तोंडी घातली आणि तिचे उत्तर कथेतूनच काढले.

आपल्याकडे भूमिका एका नटाकडून दुसऱ्याकडे जाणे नवीन नाही. 'नटसम्राट' १९७० साली रंगभूमीवर आले तेव्हा अप्पासाहेब बेलवलकर डॉ. श्रीराम लागू यांनी उभे केले. पुढे दत्ता भटांनीही तेच अप्पासाहेब आपल्या परीने केले, आणि रसिक दोघांची तुलना करीत बसले. परंतु तिथे शिरवाडकरांची संहिता तीच होती. डॉक्टरच्या बाबतीत नटाबरोबर बोलणे बदलते, पोशाख बदलतो, स्वभावाची चवसुद्धा बदलते. हा परकायाप्रवेश नव्हे, कारण दुसरी काया आयती पडलेली नसते. हा अवतारही नव्हे, कारण प्रत्येकाला मागच्या साऱ्यांच्या आठवणी असतात. मग कायम काय राहते? आठवणी, आणि दुबळ्याच्या बाजूने उभे राहण्याची खोड. बाकीचे सारे नव्या नटाने घरून आणायचे.

एवढी मोकळीक ठेवली की तर्काला ऊत येणारच. टॉम बेकर हे सात वर्षे डॉक्टर होते, सर्वांत जास्त काळ. १९८० साली त्यांनी निवृत्ती जाहीर केली, तेव्हा माझ्या जागी येणारी व्यक्ती पुरुष असेल की स्त्री कोण जाणे, अशा अर्थाची एक पुडी त्यांनी थट्टेने सोडून दिली. तेव्हापासून प्रत्येक बदलाच्या वेळी प्रेक्षक, वर्तमानपत्रे आणि पैजा घेणाऱ्या पेढ्या असे तिघे मिळून पुढल्या डॉक्टरची कुंडली मांडतात. अमक्याने दुसरे नाटक स्वीकारले, तमक्याने केस वाढवले, आणखी कोणी मुलाखतीत हसून विषय टाळला. एवढ्या काडीवर महाल उभे राहतात. २००९ च्या आरंभी पॅटरसन जोसेफ यांच्या नावावर पैशांचा ओघ होता. निवड झाली सव्वीस वर्षांच्या मॅट स्मिथ यांची, जे नाव फारसे कोणाच्या कानावरही नव्हते. २०१३ साली मात्र पीटर कपाल्डी यांच्या नावावर इतक्या पैजा लागल्या की पेढ्यांना खिडक्या बंद कराव्या लागल्या, आणि तो तर्क खरा ठरला.

या उद्योगाला रिकामटेकड्यांचा उद्योग म्हणून झटकून टाकणारे लोक आहेत. मी त्यांच्यातली नाही. अमका नट डॉक्टर म्हणून शोभेल असे म्हणणाऱ्याला, डॉक्टर म्हणजे काय हे आधी मनाशी ठरवावे लागते. त्याच्यात वडीलधारेपणा हवा की खोडकरपणा? त्याच्या डोळ्यांत वय दिसावे की कुतूहल? हे प्रश्न म्हणजे स्वभावचित्रणाची चिकित्साच झाली. ती विद्यापीठात झाली तर तिला आपण समीक्षा म्हणतो आणि चहाच्या टेबलावर झाली तर गप्पा म्हणतो, इतकाच फरक. शिवाय अशा गप्पांनी जमीन नांगरली जाते. टॉम बेकर यांच्या थट्टेला सदतीस वर्षे झाल्यावर, १६ जुलै २०१७ रोजी, जोडी व्हिटेकर या पहिल्या स्त्री-डॉक्टर म्हणून जाहीर झाल्या. काहींनी नाके मुरडली खरी. पण स्त्री डॉक्टर ही कल्पना तोवर इतक्या घरांत, इतक्या वेळा बोलून झाली होती की, ती अगदी आकाशातून पडली असे कोणाला म्हणता आले नाही. जे थट्टेत शिरते ते कालांतराने विचारात शिरते, हा समाजाचा जुना नियम आहे.

तरीही या तर्कवितर्कांची एक काळी बाजू आहे, आणि ती सांगितल्यावाचून मला पुढे जाता येत नाही. नवा कोण येणार याची चर्चा ही नेहमी जुना कधी जाणार या चर्चेची धाकटी बहीण असते. सोळा वर्षांच्या खंडानंतर मालिका नियमितपणे सुरू झाली ती २६ मार्च २००५ रोजी. ख्रिस्तोफर एकल्स्टन यांचा पहिला भाग लोकांनी डोक्यावर घेतला, आणि अवघ्या चार दिवसांत ते ही भूमिका सोडणार असल्याची बातमी फुटली. बी. बी. सी.ने घाईघाईने खुलासा केला आणि त्यात एकल्स्टन यांच्या तोंडी त्यांनी न उच्चारलेले शब्द घातले. त्याबद्दल संस्थेला नंतर माफी मागावी लागली. उरलेले बारा भाग प्रेक्षकांनी कसे पाहिले असतील? पाहुणा दारातून आत येतो आहे तोच, आपण निघणार कधी, असे विचारल्यासारखे ते झाले. डेव्हिड टेनंट यांनी ऑक्टोबर २००८ मध्ये आपले जाणे जाहीर केले आणि त्यांचा अखेरचा भाग लागला १ जानेवारी २०१० रोजी. मधले चौदा महिने त्यांच्या प्रत्येक विनोदावर मरणाची सावली पडली होती.

यापेक्षाही कठीण प्रसंग कॉलिन बेकर यांचा. १९८६ साली त्यांना काढून टाकण्यात आले आणि वर, केवळ निरोपापुरते परत या, असे सांगण्यात आले. त्यांनी नकार दिला. तेव्हा १९८७ च्या भागात नवे डॉक्टर सिल्व्हेस्टर मॅकॉय यांनीच कुरळ्या केसांचा टोप घालून, पालथे पडून, मागच्या डॉक्टरचा मृत्यू वठवला. हा प्रसंग वाचून हसू येते, पण ते फार वेळ टिकत नाही. भूमिका अमर असते, नटाला मात्र घर चालवायचे असते. चेहरा बदलण्याची ही सोयीची किल्ली ज्यांच्या हाती आहे, त्यांना माणूस बदलणे फार सोपे वाटू लागते.

आता मुख्य मुद्द्याकडे येते. एकेकाळी तर्क कथेच्या मागून चालत असे. अलीकडे कथाच तर्काच्या मागून चालू लागली आहे अशी मला शंका येते. ३१ मे २०२५ च्या भागात एन्कुटी गाट्वा यांच्या डॉक्टरने निरोप घेतला. ते जाणार अशा वावड्या कित्येक महिने उठत होत्याच. प्रकाश उसळला, आणि समोर आल्या बिली पायपर. वीस वर्षांपूर्वी डॉक्टरची सोबतीण रोझ म्हणून घराघरांत पोचलेल्या. नामावळीत त्यांचे नाव आले, पण नव्या नटाच्या नावापुढे 'डॉक्टर' ही अक्षरे येण्याचा प्रघात या वेळी पाळला गेला नाही. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात अमेरिकेतल्या डिस्ने कंपनीबरोबरची भागीदारी संपल्याचे जाहीर झाले. म्हणजे कथा थांबली आणि कोडे तेवढे प्रेक्षकांच्या हाती राहिले.

कोडे घालण्याला माझी ना नाही. पण १९६६ चा बदल आणि २०२५ चा बदल शेजारी ठेवून पाहावेत. पहिल्यात प्रश्न होता, 'हा खरोखर तोच आहे का?' तो बेनला पडला, पॉलीला पडला, आणि त्याचे उत्तर शोधताना माणसाची ओळख कशावरून पटते, हा सर्वांनाच लागू असलेला प्रश्न उभा राहिला. दुसऱ्यात प्रश्न आहे, 'ही इथे का आली?' त्याचे उत्तर कथेतल्या कोणापाशीच नाही, कारण तो कथेतल्या कोणाला पडलेलाच नाही. तो फक्त प्रेक्षकांना पडला आहे. जुना चेहरा ज्यांना ठाऊक, त्यांच्या काळजाचा ठोका चुकला असेल; पण ज्या आठ वर्षांच्या मुलाने तो चेहरा पूर्वी कधी पाहिलाच नाही, त्याच्या पदरात काय पडले? ओळखीचा धक्का हा ज्यांची ओळख आहे त्यांच्यासाठीच असतो. मालिका तर जन्मापासून सगळ्या घराची होती.

वर्गाचे आवडते मास्तर बदलून गेले की मुले पहिला आठवडा नव्या मास्तरांशी तुलना करण्यात घालवतात, हे मी दरसाल पाहते. दुसऱ्या आठवड्यात नवे मास्तर एखादी गोष्ट रंगवून सांगतात, आणि तुलना आपोआप गळून पडते. फळ्यावर नाव लिहून ती गळत नाही, शिकवण्यानेच गळते. ट्रॉटन यांना लोकांनी स्वीकारले ते अशाच रीतीने. हार्टनेल यांची नक्कल त्यांनी केली नाही. गबाळा कोट, ओठांवर बासरी आणि भाबडेपणाच्या आड लपवलेली तल्लख बुद्धी घेऊन ते आले, आणि काही आठवड्यांत त्यांच्यावाचून डॉक्टरची कल्पना करणे कठीण झाले. ज्यांची नावे पैजांच्या फळ्यावर वर होती त्यांच्यापेक्षा, खाली असलेल्यांनी किंवा मुळीच नसलेल्यांनी अनेकदा ही भूमिका अधिक उजळली, याचे कारणही हेच आहे. तर्क करणारा पूर्वी आवडलेल्या गोष्टीतून पुढची निवडतो; कलावंत मात्र आपल्याला आवडेल हे आपल्यालाच ठाऊक नसलेले काही घेऊन येतो.

म्हणून पुढला डॉक्टर कोण, हे रसिकांनी जरूर बोलावे. त्यात मौज आहे आणि शहाणपणही आहे. फक्त जो आज उभा आहे त्याचा खेळ संपेपर्यंत त्याच्या खुर्चीकडे बोट दाखवू नये. आणि लेखकांनी एवढेच करावे की, नवा चेहरा आणण्याआधी, त्याच्या बोटात जुनी अंगठी सैल होईल तो प्रसंग लिहून ठेवावा.