कापले नाहीत, आकारले

परवा आमच्या काउंटरवर एक आजी आल्या. पासबुक जाळीतून आत सरकवून म्हणाल्या, "बाबा, माझं पैसं कुनी कापलं?"

मी वीस वर्षं बँकेत काढलेला बी.कॉम. शिकवल्याप्रमाणे म्हणालो, "आजी, कापले नाहीत, आकारले."

आजींनी माझ्याकडे असं पाहिलं, की मी पासबुकाचा आडोसा घेतला. "खिसा कापनारा बी आसंच म्हनत आसंल," एवढं बोलून त्या बाकावर जाऊन बसल्या.

तेव्हापासून मी या क्रियापदाच्या मागे लागलो आहे. मराठीत आपण भाजी चिरतो, भात कापतो, फांदी छाटतो, शेंडा खुडतो, बिलातून रक्कम वजा करतो, लग्नात मानपानाला फाटा देतो, अंदाजपत्रकाला कात्री लावतो आणि वीस तारखेनंतर हात आखडता घेतो. जिन्नस कमी होतो तो सगळीकडे सारखाच. पण शब्दांची अदलाबदल करून पाहा. "आम्ही मानपान छाटला" म्हणालात तर व्याही पानावरून उठतील.

यातला माझा आवडता शब्द काटकसर. त्यातली 'कसर' मूळची अरबी. तिथे तिचा अर्थ मोडणे, तुकडा, अपूर्णांक. आमच्या घरखर्चाच्या वहीत हे तिन्ही अर्थ दर महिन्याला सापडतात. पण काटकसरीचा मोठा गुण व्याकरणातला आहे. ती ज्याची त्यानेच करायची असते. "त्यांनी माझी काटकसर केली" असं मराठीत म्हणताच येत नाही. कपातीचं नेमकं उलटं. कपात नेहमी दुसऱ्याची, आणि करणारा वाक्यात कधी सापडत नाही. कपात 'होते', 'करण्यात येते', फार तर 'करावी लागते'. कर्ता कुठे गेला म्हणून विचारावं, तर तो दौऱ्यावर!

छाटणी हा खरा बागायतदाराचा शब्द. नाशिककडे द्राक्षाच्या वेलीवर वर्षातून दोनदा कात्री चालते. एप्रिलातली खरड छाटणी आणि ऑक्टोबरातली गोडी छाटणी. कात्री चालवणाऱ्याचा डोळा पुढच्या फुटीवर असतो. कचेऱ्यांनी हा शब्द माणसांसाठी उसना घेतला, तेव्हा खरड तेवढी उचलली आणि गोडी नाशिकलाच राहिली.

विजेच्या बाबतीत तर आपण शब्दच बदलला. वीज तासन् तास गायब होऊ लागली आणि तिला 'भारनियमन' म्हणायचं ठरलं. शब्द इतका भारदस्त, की अंधारात बसलेल्या माणसाला आपण प्राणायाम करतो आहोत असं वाटावं.

३१ मार्च २०२० ला तर या क्रियापदाने राज्यभर झोप उडवली. करोनामुळे तिजोरीत खडखडाट. सरकारी पगारात कपात होणार अशी बातमी आली. लगोलग खुलासा झाला, की ही कपात नव्हे, पगार दोन टप्प्यांत मिळेल. माझी मेव्हणी सरकारी नोकरीत. तिने बातमी दोनदा वाचली आणि दूधवाल्याला सांगितलं, "या महिन्याचं बिल दोन टप्प्यांत."

अर्थात गोड बोलण्याची ही खोड नवी नाही. आपल्याकडे बांगडी फुटत नाही, वाढवते. नारळ वाढवतात, दुकान बंद करायचं तरी वाढवतात. पनवेलला देहरंगचं स्वतःचं धरण आहे, पण त्यात गाळ भरलेला. एप्रिल-मे आला की आमच्याकडे बादल्यांची रांग लागते. एखाद्या उन्हाळ्यात फलकावर "उद्या पाणी वाढवण्यात येईल" असं वाचायला मिळालं, तर मी मुकाट्याने पिंप भरून ठेवणार आहे.

पण बांगडी वाढवणाऱ्या बाईला ठाऊक असतं की बांगडी फुटली आहे. ऐकणाऱ्यालाही ठाऊक असतं. तिथे कुणी कुणाला फसवत नाही. म्हणून माझं भांडण गोड शब्दाशी नाही. ज्याचं कापलं त्यालाच कळू नये, अशा बेताने बसवलेल्या शब्दाशी आहे.

आमच्या शाखेत एक हंगामी शिपाई होता. चौदा वर्षं हंगामी. इतका लांब हंगाम आंब्याचासुद्धा नसतो. गेल्या मार्चात वरून पत्र आलं. त्यात कपात नव्हती, छाटणी नव्हती. 'मनुष्यबळाचे सुसूत्रीकरण' होतं. साहेबांनी पत्र माझ्याकडे दिलं, "तुमचं मराठी चांगलं आहे, जरा समजावून सांगा."

मी पत्र वाचून दाखवलं. तो हातात चहाचा ट्रे घेऊन उभाच होता. सगळं ऐकून म्हणाला, "म्हणजे साहेब, सोमवारी नेहमीच्या वेळेला यायचं ना?"

इतक्या दिवसांत जमवलेल्या समानार्थी शब्दांपैकी एकही जिभेवर येईना. शेवटी म्हणालो, "नको येऊस रे."

हे मात्र त्याला लगेच कळलं. त्याने ट्रे टेबलावर ठेवला आणि माझा रिकामा कप तेवढा उचलून विसळायला नेला.