प्रगतिपट्टी आणि खिडकीची रुंदी
पायथन भाषेतील ‘टीक्यूडीएम’ या लायब्ररीच्या नावामागे ‘तकद्दुम’, म्हणजे प्रगती, हा अरबी शब्द आहे. तथापि टर्मिनलची खिडकी अरुंद करताच तिची प्रगतिपट्टी मोडून ओळींचा ढीग साचतो. खिडकीची रुंदी आरंभी एकदाच मोजली जाते, आणि ‘कॅरेज रिटर्न’ कर्सरला केवळ चालू ओळीच्या आरंभी नेतो; वरच्या ओळीतील भाग तसाच राहतो. ‘डायनॅमिक एनकॉल्स’ हा पर्याय निवडल्यास प्रत्येक वेळी रुंदी नव्याने मोजली जाते; परंतु आधी मोडलेली ओळ त्याने सावरत नाही. वस्तुतः रुंदी बदलताच युनिक्स प्रणाली ‘सिगविंच’ हा संकेत देते. तो स्वीकारून मोडलेल्या ओळी मोजणे व पुसणे, हे लेखकाचे कर्तव्य होय. घाटकोपरच्या घरातून विद्यापीठाच्या संगणकावर रात्रभराची गणना सोपविणाऱ्या विद्यार्थ्याला गणना कोठवर आली, हे सांगणारी तेवढी एकच ओळ असते.