‘आम्हीच सरकार’ : एका घोषवाक्याचा अर्थविचार

ग्रामीण दारिद्र्यनिवारणाविषयीच्या मराठी लेखनात ‘लोकसहभाग’ हा शब्द इतका रुळला आहे की, त्यातील गृहीतकाकडे सहसा लक्ष जात नाही. सहभागी होणारा हा दुसऱ्याने आरंभलेल्या कार्यात सहभागी होतो. कर्तृत्व दुसऱ्याकडेच राहते. या दृष्टीने गडचिरोली जिल्ह्यातील मेंढा (लेखा) या गोंड वस्तीच्या गावाचे ‘दिल्ली-मुंबईत आमचे सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार’ हे घोषवाक्य चिंतनीय आहे.

पूर्वार्धातील ‘आमचे’ हे षष्ठ्यन्त पद शासनाशी असलेला केवळ संबंध दर्शविते. उत्तरार्धात ‘आम्ही’ हे प्रथमान्त पद उद्देश्य होते, ‘सरकार’ हे त्याचे विधेय ठरते आणि ‘च’ हे अव्यय त्यावर भर देते. राज्यसंस्थेचा निषेध येथे नाही. संबंध आणि तादात्म्य यांतील भेद मात्र नेमका व्यक्त झाला आहे.

तथापि घोषवाक्याने दारिद्र्य हटत नाही. १९२७ च्या भारतीय वन अधिनियमाने ‘वृक्ष’ या संज्ञेतच बांबूचा अंतर्भाव केला होता. वनस्पतिशास्त्र बांबूला तृणवर्गीय मानते; कायद्याने त्याला वृक्ष मानले, आणि तो तोडून विकण्याची सत्ता वनखात्याकडे राहिली. २००६ च्या वनहक्क अधिनियमाने बांबूची गणना ‘गौण वनोपजा’त केली. मेंढा गावाला २००९ मध्ये सुमारे १८०० हेक्टर वनावर सामूहिक हक्क मिळाला. तरी वाहतूक परवान्याचा अधिकार ग्रामसभेच्या हाती येण्यास २०११ साल उजाडावे लागले. विक्रीचे उत्पन्न गावाकडे येऊ लागले ते त्यानंतरच. १९२७ च्या व्याख्येतून बांबू वगळला गेला तो २०१७ मध्ये.

यावरून एक गोष्ट स्पष्ट होते. दारिद्र्य हा जसा साधनांच्या अभावाचा, तसाच त्या साधनांची व्याख्या कोणी करावी याचाही प्रश्न आहे. मेंढ्यातील अभ्यासगटांचे महत्त्व यातच आहे: कायद्यातील शब्दांचा अर्थ गावाने स्वतः लावून पाहिला.

एक शंका मात्र उरते. मराठीतील ‘आम्ही’ श्रोत्याला वगळते, ‘आपण’ त्याला सामावून घेते. मेंढा गावात निर्णय सर्वसहमतीने होतात आणि सामाईक वनही आहे. जातींनी विभागलेल्या, सामाईक साधन नसलेल्या गावात मात्र ‘आम्ही’ म्हणजे केवळ जमीनधारक, असा अर्थ रूढ होण्याचा धोका आहे. तेथील भूमिहीनाला त्या सर्वनामात स्थान आहे की नाही, हीच स्थानिक स्वराज्याची खरी कसोटी होय.