कोकमाच्या बाटलीची मागची बाजू

मालवणच्या बाजारात कोकमाच्या दोन बाटल्या शेजारी ठेवून बघा. एक आगळ, दुसरं अमृत कोकम. समोर दोन्हींवर तेच लालबुंद फळ. फरक कळतो तो बाटली फिरवल्यावर. आगळात कोकमाचा रस आणि मीठ, तर अमृत कोकमाच्या यादीत बहुतेक वेळा पहिलं नाव साखरेचं! २०२० च्या अन्न लेबलिंग नियमांप्रमाणे घटक वजनाच्या किंवा आकारमानाच्या उतरत्या क्रमाने छापावे लागतात, त्यामुळे चित्र कशाचंही असलं तरी यादी खरं बोलते.

हे आठवलं आमच्या पत्रकामुळे. माझं काम किनाऱ्यावरच्या वाळूतल्या सूक्ष्म प्लास्टिकवर, म्हणजे ५ मिलिमीटरहून लहान कणांवर आहे. गावात त्यावर बोलायचं होतं, म्हणून निमंत्रणाचं पत्रक आम्ही कोकम सरबताच्या लेबलसारखं केलं. दिसायला झकास झालं. जांभळट लाल रंग, ठसठशीत अक्षरं; लोक मागून घेत होते. कोपऱ्यात गंमत म्हणून शाकाहाराचा हिरवा ठिपकाही टाकला होता. (ती गंमत आता खटकते. त्या ठिपक्यावर विसंबून लोक खातात.)

घोळ मथळ्यात होता: 'तुमच्या ताटातल्या माशात प्लास्टिक?' बाजारात मासे विकणाऱ्या एका काकींनी पत्रक उलटसुलट करून पाहिलं. मागची बाजू कोरी. "झिला, ह्यात मासो खंय आसा?"

मासा कुठेच नव्हता. आम्ही एकही मासा तपासला नव्हता. वाळू संपृक्त मिठाच्या पाण्यात ढवळायची, वाळू तळाशी बसते, हलकं प्लास्टिक वर तरंगतं, ते गाळून मोजायचं. एवढंच आमचं काम. आणि तो मथळा आम्ही वाटत होतो कुठे, तर मासळीबाजारात, काकींच्या गिऱ्हाइकांना. प्रश्नचिन्ह लावलंय म्हणजे दावा केलेला नाही, असं आम्ही स्वतःला समजावलं होतं. गिऱ्हाईक प्रश्नचिन्ह वाचत नाही, टोपलीपुढून निघून जातं.

तुम्हीही कधीतरी संशोधनाचं पत्रक किंवा पोस्टर कराल. वेष्टनाची नक्कल जरूर करा, पण सुरुवात मागच्या बाजूने करा. आमची मागची बाजू आता अशी आहे: 'घटक, उतरत्या क्रमाने: किनाऱ्यावरची वाळू, भरतीरेषेवरचा कचरा, मिठाचं पाणी, थोडा अंदाज. मासे नाहीत.' हे लिहून झाल्यावर जुना मथळा टिकणं शक्यच नव्हतं. आता समोर 'तुमच्या वाळूत काय आहे?' असं छापलंय. पत्रक पूर्वीइतकं कुणी मागून घेत नाही, हे खरं.

एक दोष अजून आहेच. मागची अक्षरं फारच बारीक झालीत. काकींना यादी मलाच वाचून दाखवावी लागली. 'मासे नाहीत' मोठ्या अक्षरात घाल, म्हणाल्या. पुढच्या छपाईत घालतोय.