दाद पुष्कळ, पारख थोडी

२०२४ च्या एप्रिलमध्ये व्हेनिस बिएनालेत ऑस्ट्रेलियाच्या दालनाला सर्वोत्तम राष्ट्रीय सहभागाचा ‘सुवर्णसिंह’ मिळाला. ऑस्ट्रेलियाच्या वाट्याला हा मान त्याआधी कधीच आला नव्हता, आणि तो मिळवून दिला आर्ची मूर या आदिवासी कलावंताने. दालनाच्या काळ्या भिंतींवर आणि छतावर मूर यांनी खडूने आपल्या कुळाची वंशावळ लिहिली होती, ६५,००० वर्षे मागे जाणारी. मधोमध पाण्याचा उथळ हौद आणि त्यावर कोठडीत झालेल्या आदिवासींच्या मृत्यूंच्या चौकशीचे कागद, गठ्ठ्यागठ्ठ्यांनी रचलेले. पुढच्याच वर्षी लंडनच्या टेट मॉडर्नमध्ये आदिवासी चित्रकार एमिली कामे उंगवारे यांच्या चित्रांचे मोठे प्रदर्शन भरले. ऑस्ट्रेलियाच्या आदिवासी कलेला जिथे पोचायचे होते तिथे ती पोचली आहे. तिच्याविषयीचे लेखन मात्र अजून वाटेतच आहे. तिचे कौतुक होते, तिची किंमत छापून येते, तिच्यातल्या भानगडींचा छडा लावला जातो. पण समोरचे चित्र थोर की सुमार, आणि का, हे सांगणारा विरळा. याचे कारण समीक्षकांच्या भिडस्तपणात शोधण्याआधी त्यांचे पोट कशावर चालते ते पाहावे, असे माझे म्हणणे आहे.

या लेखनाचा साचा १९७१ मध्ये पडला. मध्य ऑस्ट्रेलियातल्या ॲलिस स्प्रिंग्जच्या वायव्येला सुमारे अडीचशे किलोमीटरवर पापुन्या ही सरकारी वसाहत. तिथल्या वडीलधाऱ्या पुरुषांनी शाळेच्या भिंतीवर मधमुंगीच्या पूर्वजकथेचे चित्र रंगवले, मग हाताला लागेल त्या फळकुटावर ते रंगवू लागले, आणि १९७२ मध्ये ‘पापुन्या तुला’ ही त्यांची स्वतःची कंपनी उभी राहिली. त्यांना रंग पुरवणारे शिक्षक जेफ्री बार्डन चित्रांची टिपणे ठेवत: ही एकात एक वर्तुळे म्हणजे पाणवठा, ही रेघ म्हणजे वाट, हा नालेच्या आकाराचा बाक म्हणजे बसलेला माणूस. त्या काळी अशा चित्रांना जागा मिळालीच तर ती बहुधा मानववंशशास्त्राच्या विभागात. कलादालनाची दारे अजून उघडायची होती. तेव्हा ही टिपणे हवीच होती. पुढे चित्रासोबत प्रमाणपत्र आणि कथा देण्याची रीत पडली, आणि कलाकेंद्रांनी ती जपली हे उत्तम झाले, कारण चित्र कोणाचे आणि ती कथा रंगवण्याचा हक्क कोणाचा हे त्यातून कळते. बिघडले ते एवढेच, की प्रमाणपत्रावरची कथा हीच समीक्षा होऊन बसली. लेख उघडावा तर कोणत्या पूर्वजाने कुठे काय केले याचा सारांश, कलावंताचे गाव आणि नातीगोती, आणि शेवटी झळाळत्या रंगांची तारीफ. हा लेख चित्र न पाहताही लिहिता येतो.

क्लिफर्ड पॉसम जापाल्जारी यांचे ‘वार्लुगुलोंग’ हे १९७७ चे चित्र घ्या. दोन मीटर उंच, जवळजवळ साडेतीन मीटर रुंद. निळ्या जिभेच्या सरड्याचे रूप असलेल्या लुंगकाता या पूर्वजाने, बापाला वाटा न देता कांगारूचे मांस फस्त करणाऱ्या आपल्या दोन मुलांना धडा शिकवण्यासाठी वणवा पेटवला, ही त्यातली मुख्य कथा. ती सगळेच सांगतात. चित्रकाराचे कर्तृत्व तिच्या पलीकडे आहे. वणव्याखेरीज इतर अनेक पूर्वजांच्या वाटा याच कॅनव्हासवर आहेत. प्रत्यक्षात त्या वेगवेगळ्या दिशांनी शेकडो किलोमीटर पसरलेल्या. पॉसम यांनी त्या एका पटावर अशा बसवल्या आहेत की कुठली वाट कुठून कुठे गेली हे पावलांच्या ठशांवरून नजरेला कळते आणि तरीही मधला आगीचा स्फोट सगळ्यांना आपल्याकडे ओढत राहतो. बाकी सगळे खुणांच्या भाषेत. उजवीकडे दोघा भावांचे सांगाडे तेवढे सरळसरळ आकृती म्हणून येतात आणि नकाशा वाचणाऱ्याला एकाएकी मृत्यूपुढे उभे करतात. पार्श्वभूमीचे ठिपके जागोजागी रंग बदलतात, त्यामुळे धूर, राख आणि न जळलेली जमीन एकमेकींत सरकतात. या अंगाने लिहिलेले फार सापडत नाही. सापडते ते आकड्यांचे: एका बँकेने ते १,२०० डॉलरना घेतले, आणि २००७ च्या लिलावात ते २४ लाख डॉलरना राष्ट्रीय कलादालनाकडे गेले. त्यातला एक पैसाही वारसांना मिळाला नाही. पॉसम २००२ मध्ये वारले होते, आणि पुनर्विक्रीवर कलावंताला पाच टक्के देणारा कायदा लागू झाला जून २०१० मध्ये.

एमिली यांच्या बाबतीत पारखीची गरज आणखी मोठी आहे. सत्तरी उलटल्यावर त्यांनी कॅनव्हास हाती घेतला आणि १९९६ मध्ये निधन होईपर्यंतच्या सुमारे आठ वर्षांत अदमासे ३,००० चित्रे काढली. मेलबर्नच्या संग्रहातले १९९५ चे ‘बिग याम ड्रीमिंग’ हे त्यांतले शिखर. आठ मीटर रुंद, तीन मीटरला थोडी कमी उंच काळी जमीन, तिच्यावर केवळ पांढरी रेघ, आणि दोन दिवसांत पुरे झालेले काम. रेघ जाड होते, सुकत जाते, पुन्हा रंग घेऊन उठते, वळते, स्वतःलाच ओलांडते. यामच्या कंदाची मुळे, उन्हाने तडकलेली भुई, विधीच्या वेळी बायकांच्या अंगावर ओढले जाणारे पट्टे, हे सगळे तिच्यात आहे; पण एवढ्या मोठ्या पटावर ती कुठेही शिळी पडत नाही, हे खरे अप्रूप. हीच नजर बाकीच्या हजारोंवर फिरवली तर काय दिसते? दलालांची रांग दाराशी लागलेली असताना उरकलेली चित्रे दिसतात, जिथे रंग नुसते थोपटले आहेत. असे म्हटल्याने एमिली लहान होत नाहीत. पिकासोची सुमार चित्रे कोणती हे आपण निःशंक सांगतो, त्याने पिकासो लहान झाला नाही. एरिक मायकल्स या मानववंशशास्त्रज्ञाने १९८८ मध्येच हा प्रश्न उभा केला होता: जी कला कधी वाईट ठरूच शकत नाही, तिला चांगली म्हणण्यात अर्थ काय?

आता लिहिणाऱ्याकडे वळू. ऑस्ट्रेलियात नोकरीवरचे कलासमीक्षक हाताच्या बोटांवर मोजण्याइतके उरले आहेत, भार मुक्तलेखकांवर. २०१५ च्या अर्थसंकल्पात केंद्र सरकारने कलांना अनुदान देणाऱ्या ऑस्ट्रेलिया कौन्सिलचे चार वर्षांचे सुमारे साडेदहा कोटी डॉलर काढून घेतले, पुढच्या वर्षी साठहून अधिक संस्थांचे बहुवर्षीय अनुदान गेले, आणि जिथे लांब परीक्षण छापून येई ती छोटी नियतकालिके आणखी रोडावली. २०२२ च्या एका पाहणीनुसार तिथल्या पुस्तकलेखकांनाही लेखनातून वर्षाला सरासरी १८,२०० डॉलर मिळतात. सिडनीत एवढ्यात घरभाडेही भागत नाही. मग मुक्त कलालेखक काय करतो? गॅलरीच्या कॅटलॉगसाठी प्रस्तावना लिहितो, लिलावगृहासाठी चित्रांची टिपणे करतो, कधी पुरस्काराच्या परीक्षक-मंडळावर बसतो. वाळवंटातले किंटोरे गाव ॲलिस स्प्रिंग्जच्या पश्चिमेला पाचशेहून अधिक किलोमीटरवर. तिथवरचा प्रवास मासिकाच्या मानधनात बसत नाही. तो बहुधा कोणाच्या तरी निमंत्रणावरून होतो. ज्याची खावी पोळी त्याची वाजवावी टाळी, असे वागायला समीक्षक बेइमानच असावा लागतो असे नाही. प्रामाणिक माणूसही अशा वेळी न आवडलेल्या चित्राबद्दल लिहीतच नाही, आणि ते मौन वाचकाला दिसत नाही.

टाळी आणि मौन यांच्याखेरीज तिसरा प्रकार उरतो, तो भानगडीचा. कॅथलीन पेत्यारे यांना १९९६ मध्ये राष्ट्रीय आदिवासी कला पुरस्कार मिळाला. पुढच्या वर्षी त्यांच्या माजी गोऱ्या जोडीदाराने चित्राचा मोठा भाग आपला असल्याचा दावा केला. चौकशी होऊन पुरस्कार कायम राहिला. एप्रिल २०२३ मध्ये ‘द ऑस्ट्रेलियन’ने एपीवाय या आदिवासी प्रदेशातल्या कलाकेंद्र-समूहाच्या स्टुडिओत गोऱ्या सहायकांनी आदिवासींच्या कॅनव्हासवर हात चालवल्याचे आरोप छापले. समूहाने ते नाकारले. राष्ट्रीय कलादालनाने त्या प्रदेशातल्या चित्रांचे ठरलेले प्रदर्शन पुढे ढकलून २८ चित्रे तपासली आणि ती कलावंतांचीच असल्याचा निर्वाळा ऑगस्टमध्ये दिला. आरोप तपासणे पत्रकाराचे कामच आहे. पण एवढ्या रणधुमाळीत एक साधा प्रश्न जवळपास कोणी विचारला नाही: ही चित्रे चित्र म्हणून कशी आहेत? वाळवंटात ठिपके भरायला नातेवाईक बसतात ही जुनी चाल आहे. रेघ कोणाची, रचना कोणाची, कुठे हात बदलला हे ओळखणारी नजर समीक्षेने वर्षानुवर्षे घडवली असती, तर निकाल केवळ चौकशी-समितीवर सोपवावा लागला नसता.

यावरचा पहिला आक्षेप वजनदार आहे. या चित्रांमागे कायदा आहे, विधी आहेत, बाहेरच्याने पाहू नयेत अशा गोष्टी आहेत. गोऱ्या शहरी लेखकाने निवाडा देणे म्हणजे जुनीच मालकी नव्या वेषात. पापुन्याच्या सुरुवातीच्या काही फळ्या याच कारणाने आज मांडल्या जात नाहीत, आणि ते योग्यच आहे. जे दाखवायचे नाही त्यावर लिहू नये, मृताचे नाव आणि छायाचित्र छापण्यापूर्वी कुटुंबाला विचारावे, हे शिष्टाचार पाळलेच पाहिजेत. पण जे चित्र रंगवणाऱ्याने स्वतः बाजारात आणि दालनात धाडले, ते पाहणाऱ्याच्या नजरेसाठीच धाडले. शिवाय सर्वांत तिखट समीक्षा आदिवासींकडूनच आली आहे. रिचर्ड बेल यांनी २००२ मध्ये निबंध लिहून आदिवासी कलेचा धंदा गोऱ्यांच्या हाती असल्याचे ठणकावले, तेच म्हणणे कॅनव्हासवर ठळक अक्षरांत रंगवले, आणि त्या चित्राला २००३ चा राष्ट्रीय आदिवासी कला पुरस्कार मिळाला! जॉन मंडीन क्युरेटर म्हणून गाजले तितकेच परखड लेखक म्हणूनही. हळुवारपणाची अपेक्षा त्यांनी कधी केलेली दिसत नाही. ती अपेक्षा गिऱ्हाइकाची आहे.

मराठी वाचकाला हे परके वाटू नये. १९८९ मध्ये पॅरिसच्या ‘माजिसियां द ला तेर’ प्रदर्शनात ऑस्ट्रेलियातल्या युएंदुमू वस्तीच्या आदिवासींनी जमिनीवर चित्र घातले, त्यामागच्या भिंतीवर ब्रिटिश कलावंत रिचर्ड लाँग यांचे मातीचे वर्तुळ होते. याच लाँग यांच्यासोबत २००३ मध्ये जर्मनीत वारली चित्रकार जिव्या सोमा मशे यांची चित्रे मांडली गेली. लाँग यांच्या वर्तुळाची चर्चा आकार, अवकाश, द्रव्य अशा परिभाषेत होते. मशे यांच्यावरचे आपले बहुतेक लेख मात्र निसर्गाशी नाते, साधेपणा आणि पद्मश्री यांवर संपतात. त्यांच्या मासेमारीच्या जाळ्यात हजारो बारीक रेघा गुंता न होता कशा श्वास घेतात, हे क्वचितच लिहिले जाते.

दुसरा आक्षेप पोटाचा. दुर्गम वस्त्यांत चित्रकला हा पैसे कमावण्याच्या मोजक्या मार्गांपैकी एक; तिथे एखादे कडक परीक्षण कोणाची चूल विझवील. भीती खोटी नाही, पण तिचे तोंड चुकीच्या दिशेला आहे. ऑस्ट्रेलियाच्या उत्पादकता आयोगाने २०२२ च्या अहवालात या कलेची वार्षिक विक्री सुमारे २५ कोटी डॉलर धरली आणि आदिवासी ढंगाच्या स्मृतिवस्तूंत निम्म्याहून अधिक माल बनावट असल्याचे नोंदवले. इंडोनेशियात बनवलेला माल आदिवासींच्या हातचा म्हणून खपवणाऱ्या एका कंपनीला २०१९ मध्ये न्यायालयाने २३ लाख डॉलरचा दंड ठोठावला. चुली विझतात त्या अशा. उलट सरसकट स्तुतीने नुकसान होते ते चांगल्या चित्रकाराचे: तिच्या सहा महिन्यांच्या कामाला आणि शेजारच्याच्या आठवड्याभराच्या कामाला तीच विशेषणे मिळतात, मग जास्त पैसे द्यायचे कारण गिऱ्हाइकाला उरत नाही.

उपाय आकर्षक नाही. किंटोरेचे तिकीट, तिथल्या दुभाष्याचे मानधन आणि न आवडल्याचेही लिहिण्याइतकी जागा, हे सगळे मासिकाने द्यावे, गॅलरीने देऊ नये. आणि सार्वजनिक अनुदानाचा एक हिस्सा याच कामासाठी, आदिवासी समीक्षकांना आधी, वेगळा काढावा. तोवर कॅटलॉगमधली स्तुती वाचताना ती कोणाच्या पैशाने छापली हे वाचकाने शेवटच्या पानावर पाहून घ्यावे.